‘फॉक्स आहे म्हणून’: सॅक्रामेंटो किंग्जच्या दोन निर्णयांवर चार चाहत्यांनी घातलेला वाद

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अमुक खेळाडू घ्यायला हवा होता की तमुक, हा वाद चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चालतो आणि बहुधा कुठेच पोहोचत नाही. निकाल हाती आल्यावर प्रत्येक जण ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असे सांगतो. तेव्हा नेमके कोण काय म्हणाले होते, याची नोंद मात्र कोणाकडे नसते. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाच्या चार मराठी चाहत्यांनी २०१८ नंतर अशी नोंद ठेवायला सुरुवात केली. ती वही मला वाचायला मिळाली आणि चौघांशी स्वतंत्रपणे बोलताही आले. त्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. खेळाडू, प्रशिक्षक आणि संघाचे अधिकारी यांच्याविषयीचा मजकूर जाहीर घटनांपुरताच आहे.

पार्श्वभूमी

गटातले ज्येष्ठ सदस्य नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेले, पुढे एका बँकेच्या संघातून खेळलेले आणि आता निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. बाकीचे तिघे त्यांना काका म्हणतात. दुसऱ्या सदस्य पुण्यात शाळकरी मुलींना बास्केटबॉल शिकवतात आणि त्या सगळ्यांच्याच ताई आहेत. तिसरा सदस्य सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम गावी राहणारा अभियंता असून त्याच्याकडे घरच्या मैदानावरील सामन्यांचे हंगामी तिकीट आहे. चौथा सदस्य सर्वांत लहान, मुंबईत राहणारा संख्याशास्त्राचा पदवीधर.

या चौघांना सॅक्रामेंटोशी जोडणारा धागा म्हणजे विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेल्या आणि वाढलेल्या रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांनी २०१३ साली, किंग्ज हा संघ सिॲटलला हलवला जाण्याच्या बेतात असताना, तो विकत घेतला आणि सॅक्रामेंटोतच ठेवला. संघाचे मूल्य तेव्हा ५३ कोटी ४० लाख डॉलर धरले गेले होते. एका मराठी आडनावाच्या माणसाने एनबीएचा संघ वाचवला, ही गोष्ट काकांच्या पिढीच्या खेळाडूंना फार मोठी वाटली आणि तिथून ते पहाटे उठून सामने पाहू लागले.

ड्राफ्टची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणाऱ्या तरुण खेळाडूंची एनबीएचे संघ दर उन्हाळ्यात क्रमाक्रमाने निवड करतात. प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदासाठीच्या हंगामाअखेरच्या टप्प्याला, न पोहोचलेल्या संघांमधले पहिले क्रमांक सोडतीने ठरतात आणि ज्याची कामगिरी जितकी वाईट, तितकी त्याला सोडतीत अधिक संधी मिळते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ चार हंगाम ठरलेल्या पगारावर आपल्याकडे ठेवू शकतो. त्यामुळे चांगला निघालेला तरुण त्या काळात त्याच्या खऱ्या मोलापेक्षा पुष्कळ स्वस्तात खेळतो, आणि म्हणूनच एका चुकलेल्या निवडीची किंमत अनेक वर्षे मोजावी लागते.

किंग्ज २००६ नंतर प्लेऑफला गेलेला नव्हता. २०१७–१८ च्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि ५५ गमावले. त्यानंतरच्या सोडतीत मात्र नशीब उघडले आणि संघ सातव्या जागेवरून दुसऱ्या क्रमांकावर गेला. या संधीचे मोल दुप्पट होते, कारण २०१५ साली फिलाडेल्फियाशी केलेल्या एका ट्रेडमुळे (खेळाडूंच्या आणि निवडींच्या देवाणघेवाणीमुळे) २०१९ ची पहिल्या फेरीची निवड संघाच्या हातून गेलेली होती. म्हणजे पुढच्या वर्षी कितीही हरले तरी पदरात काही पडणार नव्हते. त्याच ट्रेडमध्ये फिलाडेल्फियाला मिळालेल्या, निवडीचे क्रमांक अदलाबदल करण्याच्या हक्कामुळे २०१७ मध्ये किंग्जला तिसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर उतरावे लागले होते, आणि त्या पाचव्या क्रमांकावर त्यांनी केंटकी विद्यापीठाचा वेगवान गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) डिॲरन फॉक्स निवडला होता.

समस्या

फॉक्सच्या पहिल्या हंगामाचे आकडे साधारण होते: सामन्यामागे ११.६ गुण, ४.४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि तीन गुणांच्या फटक्यांत जेमतेम ३१ टक्के यश. तरीही त्याचा वेग, त्याची जिद्द आणि अटीतटीच्या क्षणी चेंडू मागण्याची वृत्ती यांनी सॅक्रामेंटोचे लोक त्याच्या प्रेमात पडले होते. कित्येक वर्षांनी संघाला स्वतःचा चेहरा मिळाल्याची भावना होती.

जून २०१८ मध्ये फिनिक्सचा संघ पहिल्या क्रमांकावर डिआंद्रे एटनला घेणार हे जवळपास सर्वांनी गृहीत धरले होते. दुसऱ्या क्रमांकावर किंग्जसमोर प्रामुख्याने ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली आणि रेआल माद्रिदचा स्लोव्हेनियन लुका डॉन्चिच हे दोघे होते. चाहत्यांचा वाद याच दोन नावांभोवती पेटला. माझ्या मते मात्र खरा प्रश्न नावांच्या मागे दडलेला होता: एका हंगामाच्या अनुभवावर फॉक्सला संघाचा पाया मानून त्याला साजेसा खेळाडू शोधायचा, की फॉक्स क्षणभर बाजूला ठेवून उपलब्ध खेळाडूंतला सर्वांत गुणी कोण हे ठरवायचे? गटातही हा प्रश्न कोणी उघड मांडला नाही. काका बॅगलीच्या बाजूने बोलत होते ते फॉक्स मनात धरून, आणि फॉल्समचा अभियंता डॉन्चिचच्या बाजूने बोलत होता तो फॉक्सचा विचार न करता. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते आणि एकमेकांवर चिडत होते.

समोर असलेले पर्याय

बॅगलीची बाजू दुबळी नव्हती. शालेय शिक्षण एक वर्ष लवकर संपवून तो ड्यूकमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे २१ गुण आणि ११ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) मिळवून त्याच्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची ६ फूट ११ इंच. त्याची एक खासियत काकांनी गटाला चित्रफीत थांबवून थांबवून दाखवली होती: पहिल्या उडीत चेंडू हाताला लागला नाही, तर बाकीचे उंच खेळाडू गुडघे वाकवून पुन्हा सज्ज होईपर्यंत तो दुसऱ्यांदा हवेत गेलेला असे. ‘ही उडी शिकवून येत नाही,’ असे काका म्हणत, आणि ते खरे आहे. शिवाय बॅगली सॅक्रामेंटोत चाचणी द्यायला आला होता आणि इथे खेळण्याची त्याची तयारी दिसत होती. वर्षानुवर्षे मोठ्या खेळाडूंनी पाठ फिरवलेल्या शहराच्या दृष्टीने ही बाब भावनेची होती.

त्याच्याविरुद्धचे मुद्दे ताईंनी मांडले. ड्यूकच्या संघाने त्या हंगामाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने झोन बचाव, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा सांभाळण्याचा बचाव, केला होता. त्यामुळे एकास एक बचावात बॅगली कुठे उभा राहतो, मदतीला कधी सरकतो, स्क्रीन लागल्यावर (प्रतिस्पर्ध्याने वाट अडवल्यावर) काय करतो, हे पुरेसे पाहायला मिळत नव्हते. इतकी उंची आणि इतकी उडी असूनही सामन्यामागे त्याचा एक ब्लॉकही (हवेत अडवलेला फटका) भरत नव्हता. बास्केटजवळ तो जवळजवळ प्रत्येक वेळी डाव्या हातावर यायचा. तरुण सदस्याने त्यात एक आकडा जोडला: तीन गुणांच्या फटक्यांचे बॅगलीचे प्रमाण जवळपास ४० टक्के दिसत असले तरी ते थोड्या फटक्यांवरचे होते आणि फ्री थ्रोमध्ये तो ६३ टक्क्यांच्या आसपास होता. नेमबाजीचा अंदाज बांधायचा तर फ्री थ्रोच्या आकड्यावर अधिक विसंबावे, असा त्याचा आग्रह होता.

डॉन्चिचविषयी माहितीची वानवा नव्हती, आणि हेच या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९ वर्षांचा हा मुलगा युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, मे २०१८ मध्ये बेलग्रेडला झालेल्या अंतिम चौघांच्या स्पर्धेतही तोच सर्वोत्तम ठरला, आणि त्याआधीच्या वर्षी स्लोव्हेनियाने युरोपीय अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. ड्राफ्टच्या दोनच दिवस आधी त्याने माद्रिदला स्पॅनिश लीग जिंकून दिली होती. हे सगळे त्याने पिकलेल्या, व्यावसायिक पुरुषांविरुद्ध केले होते. आक्षेप होते ते पायांच्या वेगाचे, बचावाचे आणि ‘याची वाढ आता संपली’ या शंकेचे. ताईंनी त्यावर दिलेले उत्तर वहीत नंतर जसेच्या तसे उतरवलेले आहे: ‘अरे, त्याचा वेग पाहू नका, त्याचे थांबणे पाहा. तो थांबतो तेव्हा समोरच्याचे वजन टाचांवर गेलेले असते. मग मागे पाऊल टाकून फटका मारायला त्याला घाई कशाला लागेल?’

तिसरा पर्याय मिशिगन स्टेटच्या जॅरेन जॅक्सनचा होता, पण त्यावर गटात फारशी चर्चा झाली नाही.

चौथा पर्याय एक-दोन क्रमांक खाली उतरण्याचा होता आणि तो फक्त तरुण सदस्याने मांडला. त्याचा युक्तिवाद असा: बॅगलीच हवा असेल, तर डॉन्चिचसाठी उत्सुक असलेल्या संघाला दुसरा क्रमांक देऊन त्याबदल्यात आणखी एखादी निवड मिळवावी आणि मग खालून बॅगली घ्यावा. २०१९ ची निवड गमावलेल्या संघासाठी हा विचार विशेष मोलाचा होता. खाली उतरल्यावर बॅगली हातचा निसटण्याचा धोका होताच; पण त्या धोक्याची किंमत कोणी मोजून पाहिली नाही.

निर्णयाची रात्र

२१ जून २०१८ रोजी ब्रुकलिनमध्ये ड्राफ्ट झाला. भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट होती. किंग्जमध्ये खेळाडू निवडण्याचे अधिकार असलेले प्रमुख व्लादे दिवाच यांनी बॅगलीला निवडले. अटलांटाने तिसऱ्या क्रमांकावर डॉन्चिच घेतला आणि लगेच तो डॅलसला देऊन पाचव्या क्रमांकाचा ट्रे यंग आणि २०१९ ची पहिल्या फेरीची एक निवड मिळवली. तरुण सदस्य ज्याविषयी बोलत होता तो बाजारभाव अशा रीतीने तासाभरात जगजाहीर झाला: डॉन्चिचसाठी दोन जागा वर सरकायला एक संघ पहिल्या फेरीची आख्खी निवड मोजायला तयार होता.

दिवाच यांचा तर्क समजण्यासारखा होता. चेंडू हाताळायला फॉक्स आहे, बोग्दान बोग्दानोविच आहे. उणीव आहे ती धावणाऱ्या उंच खेळाडूची. फॉक्सच्या वेगाबरोबर पळेल असा बॅगली त्यांना हवा होता. या तर्कात एकच कच्चा दुवा होता, तो म्हणजे पहिला. ज्याच्याभोवती सगळे रचायचे तो फॉक्स तेव्हा स्वतःच सिद्ध व्हायचा होता.

पहिला हंगाम आणि गटातली फूट

पुढे जे घडले त्याने वाद मिटण्याऐवजी आणखी चिघळला. २०१८–१९ मध्ये किंग्जने ३९ सामने जिंकले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १२ जास्त. फॉक्सने सामन्यामागे १७ गुण आणि ७ असिस्टचा पल्ला गाठला. बॅगलीने १४.९ गुण आणि ७.६ रिबाउंड अशी सरासरी राखून नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत जागा मिळवली. त्याच पाचांत अर्थात डॉन्चिचही होता, आणि नवोदितांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. काका म्हणाले, संघ सुधारला, खेळाडू चांगला निघाला, मग तक्रार कसली? अभियंता म्हणाला, प्रश्न बॅगली चांगला आहे का हा नव्हताच.

बोलणे हळूहळू कडवट होत गेले. कोणी २०१८ मध्ये काय म्हटले होते यावरच तासन्‌तास जाऊ लागले. अभियंत्याच्या आठवणीप्रमाणे ताई सुरुवातीपासून डॉन्चिचच्या बाजूने होत्या. ताईंच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना शेवटच्या आठवड्यापर्यंत जॅक्सनही तितकाच आवडत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने खेळले. काका आणि तरुण सदस्य दोघेही तिथे गेले, पण वेगवेगळे. ४ तारखेचा सामना इंडियानाने जादा वेळेत १३२–१३१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशीचा १३०–१०६ असा. ज्या संघासाठी इतकी वर्षे पहाटे उठलो तो संघ आपल्या शहरात आलेला असताना सोबतीचा माणूस सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असावा, हे काकांना लागले, आणि समेटाचा पहिला फोन त्यांनीच केला.

गटाने काय केले

त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. ड्राफ्टविषयी बोलणेच बंद करावे, हा पहिला. तो कोणालाच रुचला नाही. जाणकारांच्या याद्या प्रमाण मानाव्यात, हा दुसरा; पण त्या याद्यांमध्येही एकमत नसते आणि चौघांना स्वतः पाहण्यातच आनंद होता. तिसरा मार्ग ताईंनी सुचवला. त्या आपल्या खेळाडू मुलींची निवड करताना प्रत्येकीविषयी आधी लिहून ठेवतात आणि वर्षअखेरीस ते पुन्हा वाचतात. तसेच इथे करावे, असे त्यांनी म्हटले.

वहीचे नियम हळूहळू पक्के झाले. ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाने आपला क्रम कारणांसह लिहायचा. खेळाडूची गुणवत्ता आणि आपल्या संघात त्याला असलेली जागा हे दोन वेगळे रकाने. एकात लिहायची गोष्ट दुसऱ्यात लिहायची नाही. कोणती गोष्ट दिसली तर माझे मत बदलेल, हे एका वाक्यात नोंदवायचे. आणि दोन पूर्ण हंगाम होईपर्यंत फेरविचार करायचा नाही. फेरविचार करताना आधी कारण तपासायचे, मग निकाल.

दोन रकान्यांचा नियम सर्वांत परिणामकारक ठरला, असे वही वाचताना स्पष्ट दिसते. रकाने वेगळे झाल्याबरोबर काकांनी जुन्या ड्राफ्टविषयी स्वतःहून लिहिले की गुणवत्तेच्या रकान्यात आपणही डॉन्चिचलाच वर ठेवले असते. वर्षभर मतभेद वाटत होता तो मुळात तिथे नव्हताच.

पहिली परीक्षा: हॅलिबर्टन

दरम्यान बॅगलीचे दिवस फिरले. २०१९–२० च्या पहिल्याच सामन्यात त्याचा उजवा अंगठा मोडला आणि त्या हंगामात तो फक्त १३ सामने खेळू शकला. पुढच्या हंगामात हाताच्या हाडाला इजा झाली. एका विशीतल्या मुलाला दुसऱ्याच्या यशाबद्दल दोषी धरले जात होते आणि ते पाहणे क्लेशकारक होते. त्याने स्वतःला दुसऱ्या क्रमांकावर निवडले नव्हते. ऑगस्ट २०२० मध्ये दिवाच पायउतार झाले आणि माँटी मक्नेअर यांच्याकडे सूत्रे आली.

१८ नोव्हेंबर २०२० च्या ड्राफ्टमध्ये किंग्जचा क्रमांक बारावा होता. आयोवा स्टेटचा टायरीज हॅलिबर्टन तिथपर्यंत घसरेल असे गटातल्या कोणालाच वाटले नव्हते. त्याची फटका मारण्याची ढब विचित्र होती, चेंडू छातीपासून पुढे ढकलल्यासारखी, आणि मनगटाच्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम अर्धवट राहिला होता. काकांनी त्या ढबीमुळे त्याला खाली ठेवले होते, पण ‘चेहऱ्यासमोर हात आणून बचाव करणाऱ्यासमोरही चेंडू जात राहिला तर मत बदलेन’ असेही लिहिले होते. ताईंनी त्याला पहिल्या पाचांत ठेवले होते; त्यांचे कारण असे की पास देण्याआधी तो पास घेणाऱ्याकडे पाहत नाही, त्याच्या बचावपटूकडे पाहतो. पहिल्या हंगामात हॅलिबर्टनने तीन गुणांचे ४१ टक्के फटके यशस्वी केले. काकांनी दोन हंगामांची वाट न पाहता आपले मत बदलल्याची नोंद केली, आणि नियमाला हा एक अपवाद सर्वांनी मान्य केला.

दुसरा निर्णय: फेब्रुवारी २०२२

८ फेब्रुवारी २०२२ रोजी किंग्जने हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्प्सन यांना इंडियानाला देऊन दोमांतास सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. दोनच दिवसांनी बॅगलीलाही डेट्रॉइटला पाठवण्यात आले. हॅलिबर्टन तेव्हा २१ वर्षांचा होता, सामन्यामागे ७ हून अधिक असिस्ट देत होता आणि नवोदिताच्या कराराची दोन वर्षे अजून बाकी होती. शहराने त्याच्यावर जीव टाकला होता.

ट्रेडची मुदत जवळ येत असताना गटाने पर्याय लिहून ठेवलेले होते. फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघांनाही ठेवावे, निदान उन्हाळ्यापर्यंत, असे काकांचे मत होते. फॉक्सला द्यावे आणि हॅलिबर्टनला ठेवावे, असे अभियंत्याने लिहिले होते. फॉक्सचा १६ कोटी ३० लाख डॉलरचा पाच वर्षांचा करार त्याच हंगामात सुरू झाला होता आणि तेवढ्या पैशाच्या मानाने तो मागे पडत होता. ताईंनी खेळाडूचे नाव न लिहिता गरज लिहिली होती: चेंडू हातात घेऊन उभा राहील आणि कापून येणाऱ्यांना पास देईल असा उंच खेळाडू. तरुण सदस्याने इशारा दिला होता की स्वस्त करारावरचा चांगला गार्ड ही संघाकडची सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे आणि ती सर्वांत शेवटी द्यावी.

ट्रेड झाल्यावर अभियंता काही दिवस फोनवर आला नाही. आला तेव्हा तो एकच वाक्य बोलला: ‘काका, पुन्हा तेच. फॉक्स आहे म्हणून डॉन्चिच नाही, फॉक्स आहे म्हणून हॅलिबर्टन नाही.’

हे वाक्य खरे आहे, पण या दोन निर्णयांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. २०१८ मध्ये फॉक्स हा एका मध्यम हंगामाचा नवोदित होता आणि समोर युरोपातला सर्वोत्तम खेळाडू उभा होता. २०२२ मध्ये फॉक्सच्या मागे साडेचार हंगाम होते, दोन गार्ड एकत्र खेळून संघ जिंकत नाही हे दीड वर्ष दिसलेले होते, आणि हातात येत होता तो दोन वेळा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक सर्वोत्तमांच्या वार्षिक सामन्याचा खेळाडू) झालेला २५ वर्षांचा उंच खेळाडू सबोनिस. शब्द तेच होते, पण त्यामागचा पुरावा वेगळा होता.

परिणाम

दोन हंगामांचा नियम इथे कसाला लागला. नवे प्रशिक्षक माइक ब्राउन, चौथ्या क्रमांकावर निवडलेला कीगन मरे आणि सबोनिस–फॉक्स ही जोडी यांच्या जोरावर किंग्जने २०२२–२३ मध्ये ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक मिळवला आणि १६ हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कोणी पाहिलेला नव्हता. सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला. संघाचे आक्रमण तोपर्यंतच्या इतिहासातले सर्वाधिक परिणामकारक ठरले. प्रत्येक विजयानंतर गोल्डन वन सेंटर या घरच्या मैदानाच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडला जाई. १५ एप्रिल २०२३ रोजी गोल्डन स्टेटविरुद्धचा प्लेऑफचा पहिला सामना किंग्जने १२६–१२३ असा जिंकला तेव्हा अभियंता तिथे होता आणि त्याने काकांना फोन लावून तो आवाज ऐकवला. मालिका मात्र सातव्या सामन्यात, स्टीफन करीच्या ५० गुणांपुढे, हातची गेली.

पुढच्या हंगामात ४६ विजय मिळूनही संघ प्लेऑफला मुकला. तोवर हॅलिबर्टनचा इंडियाना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे फेरविचार झाला आणि वहीत निकाल लिहिला गेला: कारण योग्य, किंमत जास्त. हे चौघांच्या सह्यांचे पहिले एकमत होते.

ते सहा महिने टिकले. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना काढण्यात आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला; त्या बदल्यात झॅक लवीन आणि पहिल्या फेरीच्या तीन निवडी आल्या. ज्याच्यासाठी डॉन्चिच सोडला आणि हॅलिबर्टन दिला, तो खेळाडू संघात राहिला नाही. एप्रिलमध्ये मक्नेअरही गेले. जून २०२५ मध्ये हॅलिबर्टनने इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेले आणि त्याच सामन्यात त्याच्या टाचेमागचा अकिलीस हा स्नायुबंध तुटला. त्या रात्री गटात कोणीही जुना वाद काढला नाही.

वेगळे काय करता आले असते

संघाच्या बाजूने पाहिले तर २०१८ मधील निर्णायक टप्पा ड्राफ्टच्या रात्रीचा नसून सोडतीनंतरच्या पाच आठवड्यांचा होता. त्या काळात गुणवत्तेचा क्रम आणि संघातील जागेचा क्रम वेगवेगळे मांडले गेले असते, तर बॅगलीची बाजू दुसऱ्या रकान्यातच उभी आहे हे दिसले असते. त्यानंतरही बॅगली हवाच होता, तर खाली उतरून त्याच्यासोबत आणखी एक निवड मिळवण्याचा प्रयत्न करता आला असता. २०२२ बाबत माझे मत काकांच्या जवळचे आहे: सबोनिस घेण्याची दिशा बरोबर होती, पण उन्हाळ्यापर्यंत थांबून फॉक्सच्या बाजारभावाचीही चाचपणी करायला जागा होती. अर्थात तोवर इंडियाना थांबला असता का, हे सांगता येत नाही, आणि ४८ विजयांचा तो हंगाम ज्या शहराने १६ कोरड्या हंगामांनंतर पाहिला त्याला तो नको होता असे म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही.

गटाच्या पद्धतीतही दोन उणिवा राहिल्या. वहीत खेळाडूविषयी भरपूर लिहिले गेले, पण ज्याच्यावर सगळा युक्तिवाद टेकलेला होता त्या फॉक्सविषयी २०२२ मध्ये कोणीच लिहिले नाही की तो किती वर्षे इथे राहील, त्याचा करार कधी संपतो, संघ हरू लागला तर तो थांबेल का. २०२५ च्या उन्हाळ्यापासून त्यासाठी तिसरा रकाना आखला आहे. दुसरी उणीव मुदतीची. दोन हंगामांनी बॅगली–डॉन्चिच वादाचा निकाल लागला असता, पण सबोनिस–हॅलिबर्टन वादाचा लागला नसता, असे तरुण सदस्याचे म्हणणे आहे. ताईंच्या मते मुदत लांबवली की लोक पुन्हा आठवणींवर जातात. आता ड्राफ्टमधल्या निवडीचा फेरविचार चार हंगामांनी, म्हणजे नवोदिताचा करार संपताना, आणि ट्रेडचा दोन हंगामांनी करायचा, अशी तडजोड झाली आहे. ट्रेडसाठीची मुदत वाढवावी ही तरुण सदस्याची मागणी वहीच्या शेवटच्या पानावर प्रलंबित म्हणून नोंदवलेली आहे.